दोन हजारांचा बर्ड फीडर सेट: पाण्याचं भांडं फक्कड, बाकीच्याचं जरा ऐका

तर हा रिव्ह्यू त्या कॉम्बो सेटचा आहे जो हल्ली ऑनलाइन जिकडेतिकडे दिसतो. एका खोक्यात पाच वस्तू. लांब नळीसारखा दाण्याचा फीडर, मातीचं पाण्याचं परळ टांगायच्या दोरीसकट, लाल रंगाची नेक्टरची बाटली, चिमणीचं लाकडी घर आणि मिक्स दाण्याचं एक पाकीट. किंमत दोन हजारांच्या आतबाहेर, सेल असेल तशी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण हाच माल चार वेगवेगळ्या नावांनी विकतात, फोटोसुद्धा तोच असतो, त्यामुळे नावापेक्षा वस्तूंबद्दल बोललेलं बरं.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेकडे, जुनं बैठं घर आहे आणि मागे बऱ्यापैकी मोकळी जागा. पेरू आहे, कढीपत्ता माजलाय, जास्वंद, तगर, कंपाउंडवर मधुमालती. उन्हाळा पावसाळा थंडी तिन्ही काढल्यावर लिहितेय. हे सांगायचं कारण म्हणजे ह्या सेटखालचे बहुतेक रिव्ह्यू खोकं उघडल्या दिवशीच लिहिलेले आहेत, 'पॅकिंग छान, क्वालिटी मस्त, अजून पक्षी आले नाहीत', आणि वर पाच स्टार. अहो मग पाच कशाचे दिले?

आधी चांगलं सांगते. परळ. साधारण फूटभर रुंद, मधोमध दीडदोन इंच खोल आणि काठाकडे उथळ होत गेलेलं, आणि एवढी एकच गोष्ट ह्या लोकांनी अगदी बरोबर केलीये. कारण पक्ष्यांना पाणी नुसतं प्यायला लागत नाही, अंघोळीलाही लागतं, आणि चिमणीएवढ्या जिवाला खोल भांड्यात उतरता येत नाही, उतरलीच तर बाहेर पडता येत नाही. आतून चकाकी दिलेली नाही, खरखरीत ठेवलंय, म्हणजे पाय घसरत नाहीत. माती पाझरते म्हणून पाणी गार राहतं, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी स्टीलच्या भांड्यातल्या पाण्यात बोट घालवत नाही, परळातलं पाणी मात्र बरं असतं.

दोरी तेवढी काढून टाका. टांगलं की वाऱ्याने झुलतं, काठावर साळुंकी बसली की एका बाजूला कलतं आणि सगळं पाणी खाली कुंडीत. आम्ही मागच्या दारी पडलेला जुना पाटा होता त्यावर ठेवलं, मध्ये एक चपटा दगड टाकला पाण्याच्या जरासा वर येईल असा. आणि खरं सांगू का, पूर्ण सेटमध्ये जे काही पक्षी बघायला मिळाले त्यातले तीन हिश्श्यांहून जास्त ह्या परळाने दिले. चिमण्या तर आहेतच, पण बुलबुल दोन्ही जातींचे, लालबुड्या आणि तो तुरेवाला शिपाई, दयाळ, शिंपी, सातभाईंचं अख्खं बिऱ्हाड कलकलाट करत एकदम उतरतं आणि सगळ्यांना एकाच वेळी अंघोळ पाहिजे असते, चष्मेवाले पाचसहाच्या टोळक्याने येतात, थंडीत थिरथिरा येतो शेपटी थरथरवत. ह्यातला एकही चिमणी सोडली तर दाण्याला कधी फिरकला नाही, ते पुढे सांगते.

त्रास फक्त कावळ्याचा. तो शिळी पोळी, पावाचा वाळका तुकडा, कधी कुठून तरी हाडूक, एकदा तर चक्क अर्धा उंदीर, आणून परळात भिजत घालतो आणि मऊ झालं की खातो. हुशार आहे, कबूल, पण त्या पाण्याचा जो रस्सा होतो तो बघवत नाही. त्यामुळे रोज ओतायचं, काथ्याने घासायचं, नवीन भरायचं. साबण नको. घासायचं दुसरं कारण डास. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, तीही भांड्याच्या कडेला चिकटवून, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, कडा घासायला हव्यात. अंड्याचा डास व्हायला आठदहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासणाऱ्याला भीती नाही. पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरोघरी फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या तपासत येतात, ते परळ बघून थबकले होते, रोज घासते म्हटल्यावर पुढे गेले.

आता नळी.

नळी म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, दोन्हीकडे दोन दोन भोकं, भोकाखाली बोटभर दांडी, वर झाकण, टांगायला तार. फोटोत भारी दिसते. पण हे डिझाईन मुळात युरोप-अमेरिकेतल्या बागांचं आहे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, किडा मिळत नाही, आणि टिट, फिंच असले बारके पक्षी नळीला लटकून बिया खातात, त्यांना ती दांडी, ते भोक बरोबर बसतं. आपल्या बागेत येतं कोण ते बघा. बुलबुल फळं आणि किडे खातो. दयाळ किडे. शिंपी किडे. सातभाई जमिनीवर पाला उलटापालटा करून किडे खातात. शिंजीर फुलातला मध आणि बारके कोळी. तांबट आणि कोकीळ फळांवर. वेडा राघू उडता किडा हवेत पकडतो. दाण्याला येणारे कोण तर चिमणी, मुनिया, होले, पोपट, गावाकडे असाल तर सुगरण, आणि कबूतर. झाली यादी. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे ज्या दाण्याच्या सरंजामाचे घेतलेत तो मोजक्या पाचसहा पक्ष्यांसाठी आहे आणि त्यातला एक तर आपल्याला नकोच आहे.

चिमण्या पण लगेच आल्या नाहीत. नळी टांगली पेरूला, आणि त्या आपल्या लांब वायरीवर बसून बघायच्या. आमचे आण्णा, म्हणजे सासरे, ते म्हणाले 'अगं खाली सांड थोडे, पाखरू आधी जमिनीवर बघतंय.' खाली फरशीवर मूठभर बाजरी टाकली आणि दुसऱ्या दिवशी आल्या. मग फरशीवरून हळूहळू नळीवर. आण्णांचं शेत जतकडे, शाळूचं रान, तरुणपणी कणसात दाणा भरला की माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकलण्यात हयात गेली. आता येईल जाईल त्याला सांगत असतात की 'जन्मभर पाखरं हाकलली आणि म्हातारपणी सुनेने विकतचं खायला घालायला लावलंय', आणि सकाळी सहाला उठून दाणे टाकायला पहिले तेच जातात.

चिमण्यांपेक्षा नळीचा खरा उपयोग मुनियांनी केला. ठिपकेवाली मुनिया, पोटावर खवल्यांसारखी नक्षी असलेली, ती तशीही गवताच्या काडीला लटकून बी खाणारी, तिला नळी जमते. पावसाच्या शेवटी शेवटी पंधरावीस जणींचा थवा यायचा, दांडीवर जागेसाठी भांडणं आणि बाकीच्या वर तारेवर रांगेत. तेवढे दिवस नळीचे पैसे वसूल झाले असं वाटलं. पोपटाला ती बोटभर दांडी पुरत नाही, तो उलटा लटकून प्रयत्न करतो आणि वैतागून झाकणच कुरतडतो. त्याला करडई किंवा सूर्यफूल वेगळं पसरट थाळीत ठेवा, येतो. (आणि हो, पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आमच्या गल्लीत अजून दोन घरी पिंजरे आहेत, सांगून थकले.)

नळीची क्वालिटी सांगायची तर दोन मोठे दोष. एक, सगळ्यात खालचं भोक बुडापासून चांगलं दोन बोटं वर आहे. म्हणजे त्याखालचा दाणा कुठल्याच पक्ष्याला कधीच मिळत नाही, तो तिथेच बसतो, वरून नवीन भरत राहता आणि खाली जुना कुजत राहतो. जुलैमध्ये काढून बघितलं तर बुडाला हिरवट काळी बुरशी आणि वास. बुरशी आलेला दाणा पक्ष्यांना विष आहे, शेंगदाण्याला तर ती फार लवकर धरते. बुडाला पाणी निचरायला एकही भोक नाही, ती आम्ही तापवलेल्या सुईने पाडली, आणि बुडात एक गोल दगड भरून टाकला म्हणजे दाणा भोकाच्या पातळीलाच राहतो. दोन हजारांच्या वस्तूत दगड भरायला लागू नये.

दुसरा दोष खार. भोकाच्या कडा साध्या प्लॅस्टिकच्या आहेत, धातूच्या नाहीत. आमच्या पेरूवरच्या खारीने त्या कुरतडून कुरतडून दुप्पट मोठ्या केल्या, आता नळी टांगली की दाणा आपोआप खाली गळतो. ते खाली गळलेलं होले खातात, छोटा होला आणि तो मानेवर ठिपके असलेला कवडा, दोघंही गरीब बिचारे, जमिनीवरच चरतात. उरलेलं रात्री उंदरांना. म्हणून संध्याकाळी खालचं झाडून घ्यायचं, हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं. रात्रभर दाणा सांडलेला ठेवलात तर पक्षी राहिले बाजूला आणि घुशी पाळाल.

पाकिटातल्या दाण्याबद्दल काय बोलावं. वर सूर्यफुलाच्या बियांचा फोटो, आत मक्याचा भरडा, तांदळाची कणी, थोडी ज्वारी आणि औषधाला सूर्यफूल. चिमण्या चोचीने मका बाजूला फेकून बाजरी शोधत बसायच्या. आणि मका-कणी म्हणजे कबुतरांना आवतण. आली ती, आधी दोन, मग समोरच्या अपार्टमेंटवरची सगळी. ती एकदा आली की चिमण्या मागे सरतात. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घालायची वेळ आली, प्रकरण हायकोर्टात गेलं, आंदोलनं झाली, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. कबुतराच्या वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो, घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस असेल तर हा विषय हसण्यावारी नेऊ नका. आम्ही पाकीट उरलेलं गाईला घातलं, नळीत फक्त बाजरी आणि राळे ठेवले, आणि तेही एका वेळी मूठभर. कबुतराला बोटभर दांडीवर बसता येत नाही, फरशीवर काही उरत नाही, तेव्हा आपोआप कमी झाली. हा नळीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा, उघड्या थाळीत हे जमलं नसतं.

बाजरी-राळे भुसाराच्या दुकानात सुटे मिळतात, बाजरी चाळिशीच्या आसपास किलो, राळे थोडे महाग. 'प्रीमियम वाइल्ड बर्ड सीड' म्हणून त्याचेच तिप्पट पैसे देऊ नका. मीठ लावलेले शेंगदाणे, फरसाण, चिवडा, पाव, बिस्किटं नको. शेजारच्या काकू रोज प्रेमाने खारी बुडवून ठेवतात, त्यांना कोण सांगणार.

नेक्टरच्या बाटलीवर फार शब्द घालवत नाही. खोक्यावर हमिंगबर्डचा फोटो आहे. हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिका खंडात सापडतो, सांगलीत काय अख्ख्या आशियात नाही. आपला शिंजीर दिसायला तसाच चमकतो पण तो हवेत एका जागी थांबून पीत नाही, एखाददुसरा क्षण फडफडतो, त्याला बसायला फांदी लागते आणि बाटलीला बसायला जागाच ठेवलेली नाही. तरी एक भाग साखर चार भाग पाणी असं करून लावलं, रंग बिंग काही न घालता. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग, संध्याकाळी आंबूस वास. शिंजीर दोन हातांवर जास्वंदीला होता आणि बाटलीकडे ढुंकून बघत नव्हता. जास्वंदीचं फूल त्याच्या चोचीला मोठं पडतं तर पठ्ठ्या फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडून मध ओढतो, पुढच्या दाराने जायचीच गरज नाही. बाटली सध्या इस्त्रीत पाणी घालायला वापरतोय, त्या कामाला चांगली आहे.

लाकडी घराबद्दल मात्र सविस्तर लिहिते कारण लोक हे सेट जास्त करून त्याच्यासाठीच घेतात, आणि मार्च आला की तर धडाक्याने. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस आपल्या नाशिकच्याच नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून सुरू केला, चांगली गोष्ट आहे, पण त्याच्या आसपास जो तो घरटी विकायला काढतो. ह्या घरावर स्टिकर आहे 'चिमणी नामशेष होतेय, तिला वाचवा'. तर ते तसं नाही. २०२० मध्ये देशभरातल्या पक्षी निरीक्षकांच्या नोंदींवरून जो अहवाल आला त्यात चिमणी एकूण देशात गेली पंचवीसेक वर्षं साधारण स्थिर आहे असं दिसलं, कमी झालीये ती मोठ्या महानगरांत. आणि मोबाईल टॉवरमुळे गेली ह्याला ठोस पुरावा नाही. गेली ती घरटं करायला वळचण राहिली नाही म्हणून आणि पिल्लांना किडा मिळत नाही म्हणून. कौलाखालची फट, फोटोच्या मागची जागा, मीटरच्या डब्यामागचा कोपरा, हे सगळं काच आणि पीओपीने बंद केलं आपण. त्यामुळे घर लावण्यात अर्थ आहे, पण घर नीट असेल तर.

हे नीट नाही. भोक दोन इंचांच्या वर आहे. चिमणीला सव्वा इंच पुरतं, बत्तीस मिलिमीटर. भोक मोठं ठेवलं की साळुंकी शिरते, आणि आमच्याकडे तेच झालं, साळुंकीने आठवड्याच्या आत कब्जा घेतला आणि आत काय काय भरलं, सुतळी, चॉकलेटचे कागद, केसांचा गुंता, दुधाच्या पिशवीचा तुकडा. साळुंकीवर राग नाही माझा, पण तिला जागा कुठेही मिळते. भोकाखाली एक छान दांडी बसवलीये, चिमणीला ती लागत नाही, ती सरळ भोकात झेप घेते, दांडीचा फायदा कावळ्याला, बसून आत डोकावायला. छप्पर पत्र्याचं, उन्हात तापतं. आतून बाहेरून वॉर्निश, महिनाभर वास जाईना. बुडाला भोकं नाहीत, वर हवेला फट नाही. आणि टांगायला हुक, म्हणजे झुलणार, चिमणीला झुलतं घर आवडत नाही, तिला भिंत पाहिजे.

कस्टमर केअरला कळवलं होतं भोकाचं. उत्तर आलं, 'डिअर कस्टमर, बर्ड्स नीड टाइम टू अडॉप्ट.' बर.

मग साळुंकीची पिल्लं उडून गेल्यावर आम्ही ते उतरवलं आणि गल्लीतल्या सुताराकडे नेलं. त्याने पुढून पातळ फळी मारून तिला सव्वा इंची भोक पाडलं, दांडी उपटली, बुडाला चार बारीक भोकं, छपराखाली दोन, आणि मागे पट्टी ठोकून भिंतीला पक्कं बसेल असं केलं, पत्र्यावर गोणपाट. चहा आणि शंभर रुपयांत झालं. पूर्वेच्या भिंतीला, दहा फुटांवर, पागोळीच्या आत, म्हणजे दुपारचं ऊन नाही आणि पावसाची झड नाही. पुढच्या विणीला चिमण्या आल्या. आधी नर, आत जाऊन बाहेर येऊन दिवसभर चिवचिव, मग मादी तपासून गेली, मग काड्या. पिल्लं साधारण पंधरवड्यात उडतात पण तोवर दोघं दर काही मिनिटांनी चोचीत काहीतरी घेऊन येतात आणि ते काहीतरी म्हणजे बाजरी नसते. अळ्या, नाकतोडे, कोळी. नळीत दाणा भरलेला असून त्याला हातही न लावता तगरीवर अळ्या शोधायच्या. पिल्लांना पहिले दिवस मऊ किडाच लागतो, नुसत्या दाण्यावर चिमणीचं पिल्लू वाढत नाही. तेव्हापासून बागेत फवारणी पूर्ण बंद, जास्वंदीला मिलीबग झाला तर पाण्याच्या जोराने धुवायचा. पिल्लं गेली की घर उतरवून जुनं गवत काढून उन्हात तापवायचं, नाहीतर पिसवा होतात. ह्या घराचं झाकण स्क्रूचं आहे, उघडायला सोपं, एवढं एक बरं केलंय.

आता फुकटात काय चालतं तेही सांगते म्हणजे तुलना करता येईल. माघ-फाल्गुनात शाळू निघतो तेव्हा आण्णा जतहून दाणे भरलेली कणसं आणतात, पाचसहा एकत्र बांधून मागच्या दाराच्या चौकटीला टांगायची. आमच्या सासूबाईंच्या माहेरी कोकणाकडे भाताच्या लोंब्यांचं असंच टांगतात म्हणे. चिमण्या ह्याच्यावर नळीपेक्षा आधी आल्या, मुनिया पण, कुरतडायला प्लॅस्टिक नाही, बुडाला कुजणारं काही नाही, खाऊन झालं की नुसती काडी उरते ती चुलीत. खर्च शून्य. शहरात मंडईबाहेर हुरड्याच्या दिवसांत कणसं मिळतात, नाहीतर बाजरीचं कणीस.

आणि फळं. पेरूच्या फांदीला एक खिळा ठोकलाय, त्यात अर्धी पपई, जास्त पिकलेलं केळं, कलिंगडाची फोड खुपसायची. बुलबुल पाच मिनिटांत हजर. मग साळुंकी, कोकिळेची ठिपकेवाली मादी, तांबट एखादवेळी. दुपारी उरलेलं काढून टाका, चिलटं होतात. सगळ्यात मोठी मेजवानी मात्र कढीपत्त्याला काळी फळं धरतात तेव्हा, पिकली की बुलबुल आणि कोकीळ दिवसभर झाडावर, आणि मग सगळ्या बागेत कढीपत्त्याची रोपं उगवतात, पाहिजे असतील तर घेऊन जा.

जागा असेल त्यांनी दोन हजारांतून पाचशेची झाडं आणावीत असं मी म्हणेन. तुती लावा, वर्षा दोन वर्षात फळते आणि बुलबुल, चष्मेवाले, साळुंक्या सगळे येतात. सिंगापूर चेरी भराभर वाढते, बारा महिने थोडीथोडी फळं, फुलटोच्यासारखा अंगठ्याएवढा पक्षी तिथेच दिसला मला. मोठं आवार असेल तर उंबर किंवा पांगारा. गच्ची-गॅलरीवाल्यांनी कुंडीत जास्वंद, हमेलिया, रशेलिया, शिंजीर चौथ्या मजल्यावरसुद्धा येतो. घाणेरी लावू नका, शिंजिराला आवडते हे खरं पण ती रानात पसरून बाकीच्या झाडांना जगू देत नाही.

मांजराचं एक राहिलं. परळ असो की फरशी, दाट झुडपापासून पाचसहा फूट लांब ठेवा म्हणजे मांजर दबा धरून येताना दिसतं, आणि डोक्यावर एखादी फांदी असू द्या पटकन उडून बसायला. शिक्रा पण येतो कधीकधी, एकदम सगळं गप्प होतं आणि चिमण्या मधुमालतीत गडप, त्याला काही करायचं नसतं, त्याचंही पोट आहे. आणि एखादा पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून फीडरवरच बसून राहिलेला दिसला तर तो आजारी असतो, आठवडाभर दाणा बंद करायचा, नळी-परळ सगळं गरम पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवायचं, कारण एका ठिकाणी गर्दी केली की आजार पसरतात. एरवीही नळी आठवड्याला एकदा धुवा, ही नळी पूर्ण उघडत नाही, बाटलीचा ब्रश घालायला लागतो, त्याचाही एक मार्क कापा.

मुलांसाठी म्हणाल तर परळासमोर बसवून ओळखायला लावा, मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, आवाज ऐकून नाव सांगतं. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, कमीत कमी पंधरा मिनिटं घरच्या बागेत जे पक्षी दिसतील ते मोजून ऑनलाइन टाकायचं, आमच्या लेकीने टाकलं.

तर मार्क. परळ पाचपैकी साडेचार, अर्धा त्या दोरीचा कापला. नळी अडीच, मुनिया आल्या नसत्या तर दीड. लाकडी घर आहे तसं एक, सुताराकडून आल्यावर चार, पण ते चार सुताराचे. दाणा शून्य. बाटली इस्त्रीसाठी तीन. पूर्ण सेट मी परत घेणार नाही आणि कोणाला घ्या म्हणणार नाही, परळ सुटं मिळतं. कुंभाराकडे शंभर-दीडशेत ह्याहून जाड मिळेल, घेताना आत हात फिरवून बघा गुळगुळीत तर नाही ना, काठ उतरता आहे ना, आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवून मग वापरा. शक्यतो फेब्रुवारीतच आणा, एप्रिलमध्ये सगळे माठाच्या मागे असतात आणि कुंभार परळाला भाव करूच देत नाही.